वरचे दात

शहाऐंशी सालच्या फाल्गुनात अवकाळी पाऊस पडला आणि कोपरीच्या खाडीकडच्या मिठागरात धरत आलेलं मीठ एका दुपारी विरघळून गेलं. कुंड्यांच्या तळाला नुकती पांढरी साय आली होती. पाऊस थांबला तेव्हा तिथे गढूळ पाणी उरलं होतं. आता सगळं पहिल्यापासून. बेचव झालेलं पाणी बाहेर काढायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाला उघाडीची फळी उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं.

मुकादमाने बांधावरून सांगितलं, "मिरगाच्या आत रास बांधून झाकली पायजे. यंदा घरी कोन बसायचा नाय. बाया पन. म्हाताऱ्या पन."

म्हणून तिथे कामाला असलेल्या राघोबरोबर त्याची बायको तुळसा आली, आणि एरवी घरी राहून नातवाला सांभाळणारी त्याची आई सखुबाईही आली. नातवाला ठेवायला मागे कुणी उरलं नाही. परशुरामला त्यांनी बरोबर आणलं आणि बांधावरच्या गवती खोपटात बसवलं. पाण्याचं मडकं, ओला पंचा आणि सावली सोडून बाहेर यायचं नाही अशी ताकीद. परशा सहा वर्षांचा होता.

त्याच्या डोक्यावर केस होते, पण मक्याच्या कणसाला असतात तेवढेच, आणि तसेच भुरे. अंगाची कातडी कोरडी. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या, त्यामुळे पोर झोपेतून उठलं की म्हाताऱ्यासारखं दिसे. तोंडात दोनच दात होते, वरच्या हिरडीला, दोन्ही टोकदार. खालची हिरडी सपाट. आळीतली पोरं त्याला 'आजोबा' म्हणत. परशा म्हणे, "मंग पाया पर." आणि खरंच कुणी वाकलं की त्याच्या पाठीत गुद्दा घालून पळून जाई.

त्याला घाम येत नसे. मिठागरात सगळ्यांच्या पाठीवर घाम वाळून पांढरी नक्षी उठे. परशा मात्र तव्यासारखा नुसता तापे.

दुपारचं जेवण सखुबाई त्याला खोपटात येऊन भरवायची. तांदळाच्या भाकरीचा तुकडा ती आधी आपल्या तोंडात घ्यायची, सुकटीबरोबर बारीक चावायची, आणि तो घास बोटांवर काढून नातवाच्या तोंडात द्यायची. तिचे दात साठीतही शाबूत होते आणि तिला त्याचा अभिमान होता. घास खायला लागल्यापासून परशा असाच जेवत आला होता. आता मात्र बाजूच्या बाया बघत असल्या की तो तोंड फिरवायचा.

"लाजतंस काय मेल्या," सखुबाई म्हणायची. "आजीचा तोंड काय परक्याचा हाय?"

चैत्र लागल्यावर एका दुपारी परशा खोपटातून उठून बांधाने लांबवर गेला. खेकड्याच्या मागे गेला असावा. तुळसा लांब दांड्याच्या फावड्याने कुंडीतलं मीठ कडेला ओढत होती. तिने सहज मान वर केली तर खोपटात कोणी नव्हतं. तो बांधाच्या वळणावर पडलेला सापडला. डोळे अर्धे उघडे, अंगाला हात लावला तर चटका बसावा.

राघोने त्याला उचललं आणि गावातून आणलेल्या गोड्या पाण्याच्या पिंपाकडे पळाला. झाकण फेकलं आणि डबा भरभरून परशाच्या अंगावर ओतायला लागला.

"अरे ए! प्यायचा पानी हाय तो!" मुकादम ओरडत आला. "सगल्यांचा हाय!"

राघो थांबला नाही. पिंप तळाला लागलं तेव्हा परशाने डोळे उघडले आणि रडायला लागला. वीस-बावीस माणसं भोवती उभी होती.  उरलेली दुपार सगळ्यांनी पाण्यावाचून काढली, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही. राघोला हेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून तो नळावरून दोन डबे भरून कावडीने मिठागरात आणायला लागला, न सांगता.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने परशाला थंड पाण्याने पुसायला सांगितलं. मग तोंड उघडायला लावलं, आणि बराच वेळ बघून एक चिठ्ठी लिहून दिली. "ठाण्यात पश्चिमेला धर्मादाय इस्पितळ आहे. तिथे दातांचे डॉक्टर गुप्ते बसतात. त्यांना दाखवा."

"ताप आयलाय, दात कशाला दाखवायचं?" तुळसाने विचारलं.

"दाखवा तरी."

डॉक्टर गुरुदत्त गुप्ते पन्नाशीचे होते, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायची सवय होती. त्यांनी परशाचे दोन्ही टोकदार दात बोटाने हलवून पाहिले, हिरड्या चाचपल्या, डोक्यावरून हात फिरवला, तळहात उलटा करून पाहिला.

"याला घाम येत नाही ना?"

तुळसा दचकली. हे तिने सांगितलं नव्हतं.

"केस, घाम आणि दात, तिन्ही एकाच मुळाचे आहेत, बाई. पोटात असतानाच कातडीच्या ज्या थरातून हे सगळं उगवतं, तो थर याचा कच्चा राहिला. जन्मजात आहे. लाखात एखाद्याला होतं."

 सहा वर्षं तुळसा ही तीन वेगवेगळी दुखणी समजत होती. केसांसाठी देवीला नवस बोलली होती. घामासाठी वैद्याचा काढा दिला होता. दातांचं तर निराळंच होतं.

"केस येतील?" तिने विचारलं.

"नाही."

"घाम?"

"नाही. उन्हाळ्यात डोकं, मान, अंग सारखं ओलं ठेवायचं. हे त्याला जन्मभर करावं लागेल. दात मात्र मी देऊ शकतो. छोटी कवळी करू. हे दोन दात काढायचे नाहीत, त्यांच्याच आधाराने बसेल. पोर वाढेल तशी दर दीड-दोन वर्षांनी बदलावी लागेल. पण चावायला लागला तर अंग धरेल. नीट बोलेल. जूनमध्ये शाळेत घालायचं असेल ना?"

"गुदस्ता घातला होता. आठ दिवसांत घरी आयला. मास्तर बोलले, बोललेला समजत नाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुमचे दात बघू."

तुळसाने पदर तोंडाशी नेला. मग सोडला. तिचा वरचा एक सुळा टोकदार आणि बारीक होता, त्याच्या शेजारची जागा रिकामी. लहानपणापासून ती हसताना तोंड झाकत आली होती.

"हे आईच्या रक्तातून मुलाकडे येतं," डॉक्टर म्हणाले. "आईला फारसा त्रास होत नाही. यात तुमची काही चूक नाही, तेही सांगून ठेवतो. तुमच्या माहेरी असं कुणी होतं का? भाऊ, मामा?"

"नाय," ती म्हणाली. घरी आल्यावर तिने केस, घाम, दात यांचं सांगितलं. रक्ताचं सांगितलं नाही.

मापासाठी चार-पाच वेळा जावं लागलं. पहाटे उठून तुळसा मिठागरात आपल्या वाट्याच्या कुंड्या ओढून यायची, मग परशाच्या डोक्यावर ओला पंचा गुंडाळून त्याला काखेत मारून पूल ओलांडायची. पंचा वाटेत दोनदा वाळायचा. एकदा हॉटेलवाल्याकडे ओला करायला पाणी मागितलं तर पोऱ्याने फडका मारायचं पाणी दिलं. तिने तेच घेतलं.

पहिल्या मापाच्या वेळी डॉक्टरांनी गुलाबी लगदा भरलेली पत्र्याची वाटी तोंडात दाबली तेव्हा परशाने ओकारी काढली आणि डॉक्टरांचं बोट चावलं.

"बघा," डॉक्टर बोट झटकत म्हणाले, "दोनच दात आहेत तर ही तऱ्हा. मी आणखी द्यायला निघालोय."

परशा हसला. दुसऱ्यांदा त्याने तोंड उघडं ठेवलं, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

वैशाखात वरची कवळी तयार झाली. गुलाबी टाळू आणि पुढे तांदळाएवढे दात. एवढ्या लहान मापाचे दात बाजारात मिळत नाहीत, म्हणून मोठ्यांचे घासून केलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुळसाने ती तळहातावर घेतली. मग विचारलं, "आन् खालची?"

"खालची नंतर. आधी ही."

"खालची आधी नाय होनार?"

"नाही. खालची हिरडी पाहिलीत ना, बोटाच्या कडेसारखी बारीक आहे. तिच्यावर एकटी कवळी ठरत नाही. आधी वरची घालून तोंडाला सवय व्हायला हवी. चावताना जबडा कुठे येतो ते वरचे दात असले तरच कळतं, त्यावर खालची बेतायची. चार-दोन महिने जातील. वरची घातली नाही तर खालची होणारच नाही."

तुळसाचा चेहरा उतरला. डॉक्टरांना वाटलं, खेपा वाढतील म्हणून. ते म्हणाले, "एवढं केलंत, अजून थोडं." तिने कवळी रुमालात बांधली आणि घरी घालून बघते म्हणाली.

त्या घरात, आणि आसपासच्या सगळ्याच घरांत, रीत अशी होती: मुलाला खालचे दात आधी आले तर चांगलं. वरचे आधी आले तर ते पोर मामाला भारी. मग मामाने काशाची वाटी पाठवायची, आणि खालचे दात दिसेपर्यंत भाच्याचं तोंड बघायचं नाही. बहुतेक पोरांना महिन्याभरात खालचे दात येतात. मग मामा येतो, जेवतो, भाच्याला टोपरं घालतो आणि गोष्ट संपते.

परशा दोन वर्षांचा होत असताना त्याला वरचे दोन दात आले. तुळसाच्या थोरल्या भावाने, काळुरामने, कल्याणहून वाटी पाठवली आणि तो थांबला. खालचे दात आलेच नाहीत. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. काळुराम कल्याणच्या खाडीत बुडी मारून रेती काढायचा. वाटी पाठवली त्याच साली बुडी मारताना त्याचा डावा कान गेला. रक्त आलं आणि मग त्या बाजूने कायमचं शांत झालं. तेव्हापासून तुळसा भावाला भेटायची ती वर्षातून एकदा, कल्याणच्या बाजारात, परशाला घरी ठेवून.

संध्याकाळी सखुबाईने रुमाल सोडला, कवळी पाहिली आणि पुन्हा बांधली.

"खालची कुठं हाय?"

"ती मागून. आधी हीच घालाव लागंल, डॉक्टर बोलला."

"डॉक्टरला भाचा हाय काय?" सखुबाई म्हणाली. "आपोआप आयलं ते देवाची मर्जी. आता आपल्या हातानं घालायचं? वरचं आधी? आन् दोन नाय, सगलंच्या सगलं?"

"आई, त्यानं चावल तरी तो."

"इतकी वर्षं उपाशी ठेवला काय मी त्याला?"

 सखुबाईचा आवाज खाली आला.

"तुजा भाऊ रोज पान्याखाली जातं. उद्या वर नाय आयला, तर तुजी वयनी चार पोरं घेऊन माज्या दारात उभी ऱ्हायल. मी तिला काय सांगू? डॉक्टर बोलला?"

राघो उंबऱ्यावर बसून टाचेच्या भेगांत मेण भरत होता. खाऱ्या पाण्याने भेगा रोज उघडायच्या.

"तू बोल ना कायतरी," तुळसा म्हणाली.

"भाऊ तुजा," राघो म्हणाला. "माजा असता तं बोललू असतू."

तुळसाला राग आला. पण तिलाही तीच भीती होती. सासूने बोलून दाखवली एवढंच. काळुराम पायाला दगड बांधून बांबूच्या आधाराने तळाला जातो, बादली भरेपर्यंत दम धरतो. हे तिने लहानपणी होडीत बसून पाहिलं होतं. पाण्यावर बुडबुडे येत राहायचे. ते थांबले की ती मोजायला लागायची आणि मोजणं विसरायची.

कवळी सखुबाईने ठेवून दिली. परशा आठवडाभर विचारत राहिला, "आये, माजं दात कंदी घालायचं?" मग त्याने विचारणं सोडलं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला तुळसा एकटीच डॉक्टरांकडे गेली. सगळं सांगायचं ठरवून गेली होती, पण समोर बसल्यावर एवढंच म्हणाली, "घरात नको बोलतात."

"घातलीच नाही? मग ठेवलीय कुठे? पाण्यात ना?"

"मिठात."

डॉक्टरांचा चष्मा कपाळावर गेला. "मिठात?"

"मिठाच्या मडक्यात. आई बोलल्या, मिठात काय खराब होत नाय."

"अहो बाई, मासळी आहे का ती?" डॉक्टर ओरडले आणि मग स्वतःच थोडे ओशाळले. "कोरडी पडली की आकसते ती. आत्ता घरी जाऊन गोड्या पाण्यात टाका. दोन-चार दिवसांत घातलीत तर बसेल. महिनाभराने आणलीत तर पुन्हा माप, पुन्हा सगळं. आणि घरात नको म्हणणारं कोण आहे? मी बोलू त्यांच्याशी?"

तुळसाने मग रीत सांगितली. डॉक्टरांनी मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडेही म्हणतात हे. माझ्या बहिणीच्या मुलाच्या वेळी माझ्या आईने मला महिनाभर तिकडे जाऊ दिलं नव्हतं. मीही गेलो नाही." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मी 'हे मानू नका' सांगून काही होणार नाही. ज्याला भारी आहे त्याला विचारलंत का?"

त्याला विचारलं नव्हतं. मामाला विचारून कोणी अशी गोष्ट करत नाही.

मडक्यातून कवळी काढून तिने पितळी वाटीत गोड्या पाण्यात ठेवली. सखुबाईने पाहिलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुळसा कल्याणला गेली. मिठागराचं काम उरकत आलं होतं. राशीवर गवताची शाकारणी चालू होती. मुकादमाला तिने सांगितलं नाही. राघो म्हणाला, तिच्या वाट्याची पाटी मी टाकतो.

खाडीला ओहोटी होती. रेतीच्या होड्या काठाला चिखलात कलंडल्या होत्या. काळुराम उघड्या अंगाने होडीच्या फळीत काथ्या ठोकत होता. तुळसा त्याच्या डाव्या बाजूने आली आणि दोनदा हाका मारल्या, मग लक्षात येऊन उजवीकडे गेली.

"अगं बाय! तू? घरी बरा हाय ना?"

"बरा हाय. तुना विचारायचा हाय."

ती बोलत गेली तसा त्याने हातोडी खाली ठेवली. रक्ताचंही तिने त्याला सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं. माहेरच्या रक्तात आहे, आईकडून पोराला येतं.

काळुराम बराच वेळ काथ्या बोटांनी पिंजत राहिला.

"सहदेव," तो म्हणाला.

"कोन सहदेव?"

"तुज्या आधीचा. तू नव्हतीस. वरसाचाच गेला. मी सात-आठ वर्षांचा व्हतू, मीच त्याला काखेत घेऊन हिंडायचू." तो खाडीकडे बघत होता. "असाच चैत म्हैना व्हता. आईनं त्याला शेतावर झोलीत टाकलान्. मी हात लावला तं खापरावानी तापलेला. आन् कोरडा ठाक. आई बोलली बाहेरचा लागलाय, भगत आनला. पानी कोनी ओतला नाय."

तुळसा होडीच्या कडेला टेकली.

"त्याला दात एकच, वरचा. खालचा नव्हता. केस पन नव्हतं." काळुराम तिच्याकडे वळला. "मंग आपल्या मामाला काय जाला? काय नाय. ऐंशी वर्षं दारू पिऊन जगला."

"पन तुजा कान?"

"कान पान्यानं गेला. ह्या होड्यांवर बग, सगल्यांचं कान गेलंत. तो महिपत बग, त्याचे दोन्ही. या सगल्यांचं भाचं वरच्या दाताचं हायत?"

तुळसाला हसू आलं. तिने तोंड झाकलं. मग तिचं हसू गेलं.

"येवढा कलत होता तं चार वर्षं आयलास कशाला नाय, दादा?"

काळुरामने काथ्याचा गोळा फळीवर ठेवला. "वयनी तुजी नको बोलली," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मी पन तिचा आयकला. पान्याखाली अंधार असतं, बाय. तिथं कायपन खरा वाटतं."

त्याने होडीतला सदरा उचलला. "चल."

ते घरी पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि परशा ओटीवर ओला पंचा पांघरून बसला होता. सखुबाई ओटीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. काळुरामला बघून तिने आधी डोक्यावर पदर घेतला, मग हात आडवा धरला.

"आत येव नको. पोर समोर हाय."

"त्याच्यासाठीच आयलू, आये," काळुराम म्हणाला आणि तिच्या हाताखालून वाकून ओटीवर चढला. परशासमोर उकिडवा बसला. मामा भाच्याने एकमेकांना बघितलं. परशाला तो आठवत असणं शक्यच नव्हतं.

"मी तुजा मामा."

"मना तुजा तोंड बघायचा नाय," परशा म्हणाला. "आजी बोलते."

"मंग डोलं मीट. तोंड उघर."

परशाने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. काळुरामने ते दोन टोकदार दात पाहिले, सपाट खालची हिरडी पाहिली. त्याचे खांदे जरा खाली आले, वजन उतरवल्यावर येतात तसे, किंवा चढवल्यावर. तुळसाने वाटी पुढे केली. कवळी कशी धरायची, अंगठ्याने टाळूवर कशी दाबायची हे दाखवलं. ती स्वतः घालेल असं तिला वाटलं होतं. पण भावाने हात धुतले आणि कवळी घेतली. रेतीने त्याची नखं झिजून मुळापर्यंत गेली होती, बोटं जाड आणि चिरलेली. पहिल्यांदा ती तिरकी गेली. परशाने कण्हून पाय आपटले. दुसऱ्यांदा बसली, बारीकसा आवाज झाला.

परशाने डोळे उघडले. वरचा ओठ पुढे आला होता. चेहऱ्यावरची म्हातारी घडी निघून गेली होती आणि खाली राघोच्या तोंडवळ्याचा एक मुलगा होता. तुळसाने ते बघितलं आणि लगेच भावाकडे बघितलं, जणू त्याला एवढ्यात काही झालं असेल.

काळुरामने उजव्या हाताचं पहिलं बोट परशाच्या दातांखाली ठेवलं.

"चाव."

परशाने आईकडे पाहिलं.

"आयेला काय बघतंस? मामाचा बोट हाय. चाव. जोरात."

परशाने चावलं. आधी घाबरत, मग सगळा जोर लावून. मानेच्या शिरा ताणल्या. काळुरामने तोंड वाकडं केलं आणि बोट काढलं. वरच्या बाजूला एका ओळीत दाताचे खड्डे उठले होते. खालची बाजू नुसती ओली होती. तो उठून सखुबाईपाशी गेला आणि बोट तिच्यापुढे धरलं.

"हे बगा आये. लागतात खरं. पन बोट हाय जागेवर."

सखुबाईने बोट बघितलं. हात लावला नाही. तिने बाहेर आभाळाकडे बघितलं, मग काळुरामच्या घामाने ओल्या केसांकडे.

"परवा पान्यात जाशील?"

"नाय. होड्या काठाला घेतल्या. आता खाडीला लोंढा येल. आता दिवाली झाल्याबिगर कोन बुडी मारतं?"

 सखुबाईने ओठांतल्या ओठांत दिवाळीपर्यंतचे महिने मोजले. मग तिने तुळसाला विचारलं, "आन् खालची कवा व्हईल बोलला तो?"

"आजपासून घातली तं चार-दोन म्हैन्यांत. दिवालीच्या आधी."

"नक्की?"

तुळसाने उत्तर द्यायला वेळ घेतला. नक्की काही डॉक्टर म्हणाले नव्हते.

"सवय जाली तं," ती म्हणाली. "रोज घातली तं."

"मंग रोज घाल," सखुबाई म्हणाली. "दिवालीपत्तुर. तवर खालची नाय आयली, तं काढून ठेवायची. तवा मना कोनी शिकवू नका." ती आत गेली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

काळुराम परत परशाजवळ येऊन बसला. परशा जिभेने नवे दात आतून चाचपत होता. त्याने मामाचा हात ओढला, खड्डे पडलेलं बोट नीट पाहिलं आणि सोडून दिलं.

"दुसरा दे," तो म्हणाला.